इम्जिनच्या काठावरची २९ वी ब्रिगेड: एप्रिल १९५१ मधील एका माघारीचे प्रकरण

कोरियातील युद्धाच्या पहिल्या वर्षात, २२ ते २५ एप्रिल १९५१ या काळात, ब्रिटिश लष्कराच्या २९ व्या स्वतंत्र पायदळ ब्रिगेडने इम्जिन नदीच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर तीन रात्री चिनी फौजेला थोपवून धरले. या लढाईत ब्रिगेडचे सुमारे १,१०० लोक मारले गेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले, आणि ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन जवळजवळ नाहीशी झाली. या लढाईविषयी जे लिहिले जाते त्यात शौर्याचा भाग मोठा असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ग्लॉस्टर्सना त्या टेकडीवरून वेळेत मागे का घेता आले नाही, हा प्रश्न शौर्याच्या वर्णनाखाली झाकला जातो. माझ्या मते या प्रकरणाचा खरा विषय तोच आहे. त्या बटालियनचे भवितव्य शेवटच्या रात्री ठरले नाही. लढाई सुरू होण्यापूर्वी ब्रिगेडची मांडणी ज्या प्रकारे झाली होती आणि माघारीचा निर्णय ज्या उतरंडीतून यायचा होता, त्यातच त्याचा मोठा भाग आधी ठरून गेला होता.

ब्रिगेडची पार्श्वभूमी

२९ हा क्रमांक ब्रिटिश पायदळात जुना आहे. पहिल्या महायुद्धात तो दहाव्या आयरिश डिव्हिजनमधील एका ब्रिगेडचा होता आणि ती गॅलिपोलीच्या मोहिमेत लढली. दुसऱ्या महायुद्धात याच क्रमांकाची स्वतंत्र ब्रिगेड मे १९४२ मध्ये ब्रिगेडियर फ्रान्सिस फेस्टिंग यांच्या हाताखाली मादागास्करच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे ३६ व्या डिव्हिजनमधून ब्रह्मदेशात लढली. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले, तेव्हा ती इंग्लंडमध्ये राखीव फौजेचा भाग म्हणून होती.

तिला कोरियाला पाठवायचे ठरल्यावर पहिली अडचण आली ती माणसांची. सक्तीच्या लष्करी सेवेतील एकोणीस वर्षांखालील मुलांना युद्धभूमीवर पाठवता येत नव्हते, त्यामुळे बटालियनांमधील बरीच पदे रिकामी राहिली. ती भरण्यासाठी राखीव यादीतील माणसांना परत बोलावण्यात आले. यांतील पुष्कळजण १९४५-४६ मध्ये लष्कर सोडून घरी गेलेले, नोकरी-धंद्याला लागलेले, लग्न होऊन मुलेबाळे झालेले होते. पाच वर्षांपूर्वी जर्मन किंवा जपानी सैन्याशी लढलेल्या या माणसांना, ज्या देशाचे नावही त्यांनी फारसे ऐकले नव्हते तेथे जाण्यासाठी, पुन्हा गणवेश चढवावा लागला. त्यांच्यापैकी अनेकांना ही सक्ती मनापासून आवडली नव्हती. तरीही इम्जिनच्या काठावर ब्रिगेड जी टिकून राहिली त्यात या अनुभवी माणसांचा वाटा फार मोठा होता, ही गोष्ट तरुण अधिकाऱ्यांच्या पराक्रमाच्या कथांमध्ये नेहमी पुरेशी नोंदवली जात नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये ब्रिगेड जहाजाने निघाली आणि नोव्हेंबरात पुसान बंदरात उतरली. तिच्यात तीन पायदळ बटालियन होत्या: ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली, रॉयल नॉर्दम्बरलँड फ्युझिलियर्सची पहिली आणि रॉयल अल्स्टर रायफल्सची पहिली. सोबत आठव्या हुसार रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे, २५ पौंडी तोफांची ४५ वी फील्ड रेजिमेंट, उखळी तोफांची १७० वी बॅटरी आणि ५५ वी इंजिनिअर तुकडी होती. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी होते. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात चिंडिटांच्या, म्हणजे जपानी रेषांच्या मागे जाऊन लढणाऱ्या फौजेच्या, दुसऱ्या मोहिमेत त्यांनी चौदाव्या ब्रिगेडचे नेतृत्व केले होते, म्हणजे शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या तुकडीची अवस्था त्यांना चांगली ठाऊक होती.

कोरियात पाय ठेवला तेव्हा युद्ध संपत आल्याचे बोलले जात होते. काही आठवड्यांतच उत्तर कोरियाच्या मदतीला चिनी फौजा पूर्ण ताकदीनिशी उतरल्या आणि ब्रिगेडला प्योंगयांगच्या परिसरातून कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडे माघार घ्यावी लागली. जानेवारी १९५१ च्या सुरुवातीला सोलच्या उत्तरेस अल्स्टर रायफल्सने एका दरीतून मागे येताना दीडशेहून अधिक माणसे गमावली. मागे येण्याचा आदेश मिळाल्यानंतर, काळोखात, अरुंद वाटेवरून येताना हे नुकसान झाले होते. डोंगराळ मुलखात उशिरा सुरू झालेली माघार किती महाग पडते, याचा धडा ब्रिगेडला एप्रिलच्या साडेतीन महिने आधी मिळालेला होता, आणि म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

मांडणी

मार्चच्या मध्यास राजधानी सोल पुन्हा दक्षिण कोरियाच्या बाजूने लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात आली. २३ मार्चला अमेरिकी छत्रीसैनिक इम्जिनजवळच्या मुनसान येथे उतरवण्यात आले, आणि त्यांच्यासोबत भारताच्या ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्समधील डॉक्टर आणि परिचारक सैनिक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली उडी मारून उतरले होते. भारताने कोरियात लढाऊ फौज पाठवली नाही, पण हे वैद्यकीय पथक पाठवले. ते मुख्यतः २७ व्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर काम करत होते.

एप्रिलच्या आरंभी २९ वी ब्रिगेड इम्जिनच्या काठावर आली. ती अमेरिकेच्या तिसऱ्या पायदळ डिव्हिजनच्या हाताखाली होती, डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रॉबर्ट सोल होते. त्यांच्या वर पहिल्या कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या गटाचे) लेफ्टनंट जनरल फ्रँक मिलबर्न, आणि त्यांच्या वर अमेरिकेच्या आठव्या आर्मीचे जेम्स व्हॅन फ्लीट होते. व्हॅन फ्लीट यांनी सूत्रे हाती घेतली ती १४ एप्रिलला, कारण संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती मॅकआर्थर यांना पदावरून दूर केल्यावर आठव्या आर्मीचे तोवरचे प्रमुख रिजवे त्यांच्या जागी गेले होते. थोडक्यात, लढाईच्या आठ दिवस आधी सर्वांत वरचा सेनापती बदललेला होता.

ब्रिगेडला जो भाग राखायचा होता त्याची रुंदी सुमारे १९ किलोमीटर होती. एवढा पल्ला खरे तर एका पूर्ण डिव्हिजनच्या वाट्याला येणारा. मदतीला लक्झेंबर्गच्या तुकडीसह बेल्जियमची एक बटालियन आली होती, त्यामुळे पायदळ बटालियनांची संख्या चार झाली. डाव्या टोकाला चोकसाँग गावाजवळच्या टेकड्यांवर ग्लॉस्टर्स, मध्ये फ्युझिलियर्स, उजवीकडे हांतान नदी इम्जिनला मिळते तेथे नदीच्या उत्तर काठावर बेल्जियन, आणि मागे राखीव म्हणून अल्स्टर रायफल्स, अशी ही रचना होती. ग्लॉस्टर्स आणि फ्युझिलियर्स यांच्यामध्ये तीन किलोमीटरहून अधिक अंतर मोकळे होते आणि त्या पोकळीच्या मागे ६७५ मीटर उंचीचा कामाक पर्वत उभा होता. तो ज्याच्या ताब्यात जाईल त्याला दोन्ही बटालियनांच्या पाठीमागे उतरता येणार होते. ग्लॉस्टर्सच्या डावीकडे दक्षिण कोरियाची पहिली डिव्हिजन होती, पण तिच्याशीही सलग रांग जुळलेली नव्हती.

नदी म्हणजे खंदक, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते. त्या महिन्यात इम्जिनचे पाणी अनेक ठिकाणी माणसाला चालत पार करता येण्याइतके उथळ होते, आणि ब्रिगेडसमोर असे कित्येक उतार होते. प्रत्येक उतारावर पहारा ठेवण्याएवढी माणसे नव्हती. बटालियनांच्या कंपन्या, म्हणजे लहान तुकड्या, एकेका टेकडीवर बसलेल्या, दोन टेकड्यांमधली दरी केवळ तोफांच्या माऱ्याने बंद करायची, अशी सगळी कल्पना होती. काटेरी तार आणि सुरुंग फारच थोडे होते. याचे कारण निष्काळजीपणा एवढेच देणे अन्याय्य ठरेल. संयुक्त राष्ट्रांच्या फौजा तेव्हा पुढे सरकत होत्या, इम्जिनवरची ही जागा म्हणजे पुढच्या चढाईपूर्वीचा मुक्काम मानली जात होती, आणि जेथून आठवड्याभरात पुढे जायचे तेथे खोल बंदिस्त मोर्चे कोणी खोदत नाही. गस्तीच्या तुकड्या नदीपलीकडे बऱ्याच अंतरापर्यंत जाऊन आल्या होत्या आणि त्यांना शत्रू जवळजवळ दिसलाच नव्हता. चिनी सेनापती आपली मुख्य फौज बरीच मागे ठेवत, दिवसा लपवून ठेवत आणि मग एका रात्रीच्या दौडीत थेट हल्ल्याच्या जागी आणत. ही पद्धत तोपर्यंत अनुभवाने कळून चुकलेली होती. समोर शत्रू नाही, हा अहवाल त्यामुळे जितका दिलासा देणारा मानला गेला तितका तो मानायला नको होता.

मला या प्रकरणातील पहिला आणि सर्वांत जड दोष येथे दिसतो. १९ किलोमीटरचा पल्ला चार बटालियनांकडे देणे ही सैन्यबळाच्या टंचाईमुळे आलेली अपरिहार्यता असू शकते. परंतु ज्या मांडणीत शेजारच्या टेकडीवरून बंदुकीची मदत मिळत नाही, त्या मांडणीत ‘येथेच थांबा’ या आदेशाला मुदत असावी लागते. ती मुदत कोणी आखून दिली नव्हती.

तीन रात्री

२२ एप्रिलच्या संध्याकाळी चिनी फौजांचे मोठे आक्रमण सुरू झाले. सेनापती पेंग दहुआई यांचा उद्देश सोल परत घेण्याचा होता आणि इम्जिनचे हे उतार सोलकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर पडतात. राजधानी तेथून सुमारे ५० किलोमीटरवर होती. ब्रिगेडवर चालून आलेल्या ६३ व्या चिनी आर्मीत तीन डिव्हिजन, म्हणजे सुमारे २७ हजार सैनिक होते.

रात्री ग्लॉस्टर्ससमोरच्या उताराशी सेकंड लेफ्टनंट गाय टेंपल यांची सोळा-सतरा जणांची तुकडी दबा धरून होती. पाण्यात उतरलेल्या चिनी सैनिकांना त्यांनी पुन्हा पुन्हा मागे रेटले आणि दारूगोळा संपत आल्यावरच जागा सोडली. पण एक उतार अडवल्याने नदी अडत नाही. इतर ठिकाणांहून चिनी तुकड्या पार झाल्या, बेल्जियन बटालियनच्या मागच्या पुलांपर्यंत पोहोचल्या, आणि मधल्या पोकळीतून कामाक पर्वताकडे चढू लागल्या.

२३ एप्रिल हा सेंट जॉर्जचा दिवस. फ्युझिलियर्सच्या परंपरेत तो सणाचा दिवस असतो आणि त्या दिवशी टोपीत लाल-पांढरे गुलाब खोचले जातात. त्या वर्षीही गुलाबांची व्यवस्था झाली होती. सकाळी त्यांच्या पुढच्या कंपन्या आपल्या टेकड्या सोडून मागे येत होत्या. ग्लॉस्टर्सच्या बाजूला ‘कासल हिल’ नावाची १४८ मीटरची टेकडी ए कंपनीकडे होती आणि पहाटेपर्यंत तिचा माथा चिन्यांनी घेतला. तो परत मिळवण्यासाठी लेफ्टनंट फिलिप कर्टिस यांनी चढाई केली, जखमी झाल्यावर सोबत्यांनी त्यांना मागे ओढले, तरी ते पुन्हा एकटे पुढे गेले. त्यांनी फेकलेल्या हातबाँबने समोरची मशीनगन बंद पडली आणि त्याच क्षणी तिच्या शेवटच्या फैरीने ते ठार झाले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर देण्यात आला. कंपनीचे प्रमुख मेजर पॅट अँगियर हेही त्या सकाळी मारले गेले.

त्याच दिवशी ग्लॉस्टर्सच्या मागचा एकमेव कच्चा रस्ता शत्रूने कापला आणि रसद व जखमींची ने-आण थांबली. डावीकडील दक्षिण कोरियाई फौजही मागे रेटली गेली होती. म्हणजे लढाई सुरू होऊन चोवीस तास होण्याच्या आत या बटालियनच्या तिन्ही बाजू उघड्या पडल्या होत्या. बेल्जियन बटालियनची अवस्थाही बिकट होती, पण तिला २३ च्या संध्याकाळी नदीच्या वळणावरून, रणगाड्यांच्या आणि तोफांच्या आडोशाने, बाहेर काढण्यात यश आले. वरिष्ठांचे लक्ष आणि हाताशी असलेले बळ त्या दिवशी मुख्यतः याच कामात आणि उजव्या बाजूच्या मोठ्या रस्त्याच्या रक्षणात गेले. बेल्जियनांच्या आणि ग्लॉस्टर्सच्या वाट्याला आलेल्या गोष्टींतील फरक मला फार बोलका वाटतो: एका बटालियनला बाहेर काढण्याचा निर्णय वेळेत झाला आणि ती वाचली.

दुसऱ्या रात्री ग्लॉस्टर्सची बी कंपनी लागोपाठ हल्ल्यांखाली सापडली. सकाळी तिच्यातले जेमतेम वीस जण २३५ क्रमांकाच्या टेकडीवर पोहोचले. सी कंपनीचाही मोर्चा फुटला. आता बटालियनमधून उरलेले सगळे त्या एका अरुंद, खडकाळ डोंगरमाथ्यावर गोळा झाले. कोरियात टेकड्यांना त्यांच्या मीटरमधील उंचीचे आकडे दिलेले होते. आज ही टेकडी ग्लॉस्टर हिल म्हणून ओळखली जाते. पाणी नव्हते, अन्न संपत आले होते, बिनतारी संचांच्या बॅटऱ्या क्षीण होत चालल्या होत्या. काही जणांनी खाली दरीतल्या जुन्या तळावर उतरून जमेल तेवढा दारूगोळा आणि पाणी वर आणले.

बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्न पंचेचाळीस वर्षांचे, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ होते. दोनदा स्वतः रायफल घेऊन त्यांनी जवळ आलेल्या शत्रूला हाकलले. त्यांनी ब्रिगेडला बिनतारी संचावरून कळवले की आपली बटालियन आता परिणामकारक लढाऊ तुकडी राहिलेली नाही, तथापि थांबणे आवश्यक असेल तर ती थांबेल. या निवेदनातील पहिला भाग हा अहवाल होता आणि दुसरा भाग शिस्त. वरच्या पातळीवर दुसऱ्या भागावर विसंबून निर्णय घेतला गेला, असे त्यानंतरच्या घटनाक्रमावरून म्हणावे लागते.

२४ एप्रिलला सुटकेचा एक प्रयत्न झाला. फिलिपिन्सच्या दहाव्या बटालियन कॉम्बॅट टीमचे सैनिक आपले हलके शॅफी रणगाडे आणि आठव्या हुसारचे काही सेंच्युरियन घेऊन दरीतून वर निघाले. टेकडीपासून दोनेक किलोमीटरवर रस्ता कड्यांच्या मधून अरुंद होतो, तेथे सर्वांत पुढचा रणगाडा निकामी झाला आणि मागच्यांची वाटच बंद झाली. दोन्ही बाजूंचे माथे शत्रूच्या ताब्यात असताना अशा दरीतून एवढीशी तुकडी पाठवणे म्हणजे अपयशाची जवळजवळ खात्रीच होती. दुसऱ्या दिवशी अधिक मोठ्या बळाने प्रयत्न करण्याचे ठरले आणि त्यासाठी ग्लॉस्टर्सनी आणखी एक रात्र जागेवर राहावे असे अपेक्षित होते. ती मोठी चढाई झालीच नाही, कारण २५ एप्रिलला सकाळी संपूर्ण कोअरने मागच्या रेषेवर जावे असा आदेश निघाला.

शेवटच्या रात्री चिनी बिगुलांच्या आवाजाने माणसांचे मन खचू नये म्हणून अडज्युटंट (बटालियनप्रमुखांचे सहायक अधिकारी) कॅप्टन अँथनी फेरार-हॉकली यांच्या सांगण्यावरून ड्रम मेजर फिलिप बस यांनी उजाडायच्या आधी उभे राहून ब्रिटिश लष्करातील बिगुलाचे एकेक सूर वाजवले. माघारीचा सूर तेवढा त्यांनी वगळला. ग्लॉस्टर्सच्या टोपीवर पुढे आणि मागे अशी दोन चिन्हे असतात. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ पाठीला पाठ लावून लढल्याची ती खूण आहे. त्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर ही परंपरा अक्षरशः जगली गेली. अमेरिकी विमानांनी नेपाम हे पेटते बाँब टाकून टेकडीची समोरची उतरण काही काळ मोकळी केली.

सहाच्या सुमारास कार्न यांना बाहेर पडण्याची परवानगी मिळाली. पाठोपाठ कळले की तोफखाना स्वतःच मागे जात असल्याने माघारीला तोफांचे संरक्षण मिळणार नाही. कार्न यांनी कंपन्यांना आपापल्या वाटेने निसटण्यास सांगितले. उचलून नेता येणार नाहीत अशा जखमींपाशी डॉक्टर कॅप्टन बॉब हिकी आणि धर्मोपदेशक सॅम डेव्हिस स्वेच्छेने थांबले. त्या दोघांनाही कैदेत जावे लागणार हे पूर्णपणे माहीत होते. मुख्य गट दक्षिणेला उतरला आणि दरीत अडकून पकडला गेला. डी कंपनीचे कॅप्टन माइक हार्वी यांनी मात्र उलट विचार केला. ते आधी उत्तरेला, म्हणजे शत्रूच्याच दिशेला गेले, मग पश्चिमेकडे वळून लांबच्या वळशाने दक्षिणेकडे आले. या वाटेनेही गोळीबार टळला नाही, आणि शेवटी अमेरिकी रणगाड्यांनी त्यांना शत्रू समजून क्षणभर मारा केला. चाळीसच्या आसपास माणसे सुखरूप पोहोचली. संपूर्ण बटालियनमधून टेकडीवरून निसटलेले जवळजवळ तेवढेच.

उर्वरित ब्रिगेडची माघारही सोपी गेली नाही. अल्स्टर रायफल्स आणि फ्युझिलियर्स पूर्वेकडच्या दरीतून उतरत असताना दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून चिनी सैनिक रस्त्यावर धावून आले. मेजर हेन्री हूथ यांच्या सेंच्युरियनांनी पाठराखण केली. पायदळातील जखमी रणगाड्यांच्या पाठीवर बसवलेले होते आणि शत्रूचे सैनिक रणगाड्यांवर चढून झाकणे उघडण्याचा प्रयत्न करत होते. फ्युझिलियर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल किंग्स्ली फॉस्टर या वाटेवर मारले गेले.

निर्णय कोणाचा होता?

ग्लॉस्टर्सची ६२२ माणसे गमावली गेली. त्यांतील पाचशेहून अधिक युद्धकैदी झाले आणि काहीजण कैदेतच मेले. दुसरीकडे, ६३ व्या चिनी आर्मीची हानी इतकी झाली की ती आघाडीवरून काढून घ्यावी लागली. ब्रिटिशांच्या अंदाजानुसार ती १० हजारांच्या घरात होती. तीन दिवसांच्या या विलंबामुळे सोलच्या उत्तरेला नवी संरक्षक रेषा उभी राहू शकली आणि त्या वसंतात राजधानी पडली नाही. म्हणून ब्रिगेडने दिलेली लढाई व्यर्थ होती असे म्हणण्याला काहीही आधार नाही. ग्लॉस्टर्सना आणि १७० व्या बॅटरीच्या सी ट्रूपला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिले जाणारे सन्मानपत्र मिळाले, कार्न यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण लढाई उपयोगी पडली यावरून प्रत्येक निर्णय योग्य होता असे सिद्ध होत नाही. ही बाब सर्वांत आधी स्पष्टपणे मांडली ती खुद्द रिजवे यांनी. मे महिन्यात व्हॅन फ्लीट यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अस्वस्थता व्यक्त केली की, बटालियन ज्या धोक्यात होती तो ओळखण्याची, आणि धोका गंभीर झाल्यावर तिला बाहेर काढण्याची पूर्ण जबाबदारी आदेशाच्या साखळीत कोणीही घेतलेली दिसत नाही. मी या प्रकरणाकडे जितके पाहिले तितके रिजवे यांचे निदान मला अचूक वाटत गेले. ब्रॉडी यांना आपली बटालियन काढायची असेल तर डिव्हिजनचे प्रमुख सोल यांची संमती हवी होती. सोल यांना आपल्या डिव्हिजनची रेषा न मोडता ठेवायची होती आणि ते कोअरप्रमुख मिलबर्न यांच्या योजनेने बांधलेले होते. प्रत्येकाचे आपल्या पातळीवरचे कारण समजण्यासारखे आहे. ब्रॉडी यांच्यावर मी पूर्ण दोष ठेवणार नाही, पण २३ च्या संध्याकाळी, रस्ता कापला गेल्यावर, त्यांनी आपल्या वरिष्ठांपुढे माघारीची मागणी निःसंदिग्ध आणि आग्रही स्वरूपात मांडायला हवी होती. त्या वेळी बी आणि सी या कंपन्या अद्याप लढू शकत होत्या, आणि तोफखाना जागेवर होता. बारा तासांनी यांतले काहीच तसे राहिले नाही.

कैदेतून कार्न १९५३ मध्ये परतले. एकांतवासात खिळ्यांनी दगड घासून त्यांनी कोरलेला छोटा क्रूस ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलेला आहे. जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैद्यांचा ताबा, त्याच इम्जिनच्या परिसरातील निर्लष्करी पट्ट्यात, भारतीय ताबा दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख कोल्हापूर भागातील मेजर जनरल शंकरराव थोरात होते. त्या चिनी कैद्यांपैकी बहुतेकजण १९५१ च्या वसंतातील याच आक्रमणाच्या काळात पकडले गेलेले होते. म्हणजे इम्जिनच्या लढाईला कारणीभूत ठरलेल्या मोहिमेचा शेवटचा हिशेब एका मराठी सेनापतीच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. मराठी वाचकांना ही माहिती क्वचितच सांगितली जाते.

नंतर काय बदलले

२८ जुलै १९५१ रोजी ब्रिटिश, कॅनडियन, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या तुकड्या एकत्र करून पहिली राष्ट्रकुल डिव्हिजन उभी करण्यात आली आणि २९ वी ब्रिगेड तिच्यात गेली. तिची कल्पना इम्जिनच्या आधीपासून चर्चेत होती, पण इम्जिनच्या अनुभवाने तिची गरज निर्विवाद झाली. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल जेम्स कॅसल्स यांना लेखी अधिकार देण्यात आला होता: अमेरिकी वरिष्ठांच्या एखाद्या आदेशाने आपल्या फौजेला युद्धातील नेहमीच्या जोखमीपेक्षा असामान्य धोका होतो असे वाटल्यास त्यांनी जपानमधील राष्ट्रकुल सेनापतींकडे दाद मागावी. कॅसल्स यांनी अमेरिकी कोअरच्या योजनांना हरकतही घेतली. एप्रिलमध्ये ब्रॉडी यांना जी गोष्ट आग्रहाने बोलता आली नाही, ती बोलण्याची अधिकृत वाट आता उपलब्ध झाली.

मांडणीतही फरक पडला. मे १९५३ च्या अखेरीस याच ब्रिगेडमधील ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनवर ‘हूक’ नावाच्या डोंगरसोंडेवर प्रचंड चिनी हल्ला झाला, तेव्हा ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर जो केंड्र्यू यांच्याकडे होते. जागा अरुंद होती आणि राखायचा पल्ला लहान. जमिनीखाली भुयारे खोदलेली होती, तारांचे थर पसरलेले होते, मागे मोठ्या संख्येने तोफा आधीच नेम धरून उभ्या होत्या, आणि शेजारच्या बटालियनमधून राखीव कंपन्या वेळेत पुढे आणता येत होत्या. मोर्चे तोफांच्या माऱ्याने जमीनदोस्त झाले, काही भागात चिनी सैनिक आत शिरले, पण २९ मेच्या पहाटेपर्यंत सोंड पुन्हा ब्रिगेडच्या पूर्ण ताब्यात होती.